दोन बैलांची वाटणी

डोमाजी गुरुजी कुणाला नाव विचारत नसत, पणजोबाचं नाव विचारत. बसमध्ये शेजारी कुणी येऊन बसलं, दवाखान्याच्या रांगेत कुणी पुढे उभं असलं, लग्नाच्या पंगतीत कुणी समोर जेवत असलं, की गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "गाव कोनतं? अन् पणजोबा कोन तुमचा?" बहुतेकांना आजोबांच्या पलीकडचं नाव ठाऊक नसतं. समोरचा ओशाळून हसायचा. मग गुरुजी त्याच्या गावावरून, आडनावावरून, त्याच्या आत्या कुठे दिल्या आहेत त्यावरून त्याचा पणजोबा शोधून काढायचे आणि त्याच्या हवाली करायचे. "घ्या. हा तुमचा. आता इसरू नका." बालाघाटहून खैरलांजीला जाणाऱ्या बसमध्ये मी त्यांना असे तीन पणजोबा वाटताना पाहिलं आहे. त्यातला एक कंडक्टरचा होता.

प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन ते आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा मी कॉलेजात होते. नव्वदनंतरची ती वर्षं. माझे बाबा जंगल खात्यात बाबू होते. पहिल्याच दिवशी गुरुजी सायकल भिंतीला टेकवून आत आले, बाबांनी पुढे केलेली खुर्ची सोडून ओट्यावर मांडी घालून बसले आणि आमच्याच घराण्याची हकीकत आम्हाला सांगू लागले. उंच, हाडकुळे, धोतर गुडघ्याच्या जरा खाली आलेलं, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. आपल्या घरातल्या गोष्टी परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना माणूस जसा थोडा संशयानं आणि थोडा कौतुकानं बघतो, तसे बाबा बघत होते. उठताना गुरुजींनी मला विचारलं, "काय शिकून राह्यली पोरी?" मी म्हटलं, बी.ए., इतिहास घेतलाय. त्यांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, "बेस. म्हंजे तुले पुरावा मागता येत असन."

'पुरावा काय?' हा त्यांचा लाडका प्रश्न होता. भाजीवाली म्हणाली की वांगी आजचीच आहेत, तरी गुरुजी विचारायचे, पुरावा काय. भाजीवाली त्यांना ओळखून होती. ती म्हणायची, "गुरुजी, वांग्याच्या पणजोबाले इचारा."

आम्ही तेली. माझ्या पिढीतल्या कुणीही चालता घाणा पाहिलेला नाही. आमच्याही घरी तेल दुकानातून डब्यात यायचं. पण समाजात दोन शाखा होत्या, एकबैले आणि दोनबैले. ज्यांच्या पूर्वजांच्या घाण्याला एक बैल जुंपलेला असे ते एकबैले, दोन असत ते दोनबैले. दोनबैले स्वतःला वरचे समजत. एकमेकांकडे चहापाणी चाले, मरणाला खांदा देणं चाले, मुलगी मात्र द्यायची नाही. बाबा आयुष्यात कधी बैलाच्या जवळ गेले नव्हते, ते स्कूटर चालवायचे. तरी कुणी विचारलं की मान जरा ताठ व्हायची आणि म्हणायचे, "आमी दोनबैले हाव."

गुरुजीही दोनबैलेच. खैरलांजीकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या वडिलांचा घाणा होता, आणि लहानपणी ते घाण्याच्या फळीवर वजन म्हणून बसत. तीळ, जवस, मोहाची टोळ, म्हणजे मोहाचं बी. कशाचा घाणा चालू आहे ते गल्लीच्या तोंडाशी वासावरून कळायचं, असं सांगायचे. बैलांच्या डोळ्यांना झापड बांधलेली असायची, म्हणजे गोल फिरताना त्यांना घेरी येऊ नये. हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. आणि मग एकदम चढायचा, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असे. "मले एक सांगा, त्या बैलाले मालूम होतं का, आपल्याच्यानं कोनाची जात मोठी होऊन राह्यली ते?"

समाज कुठून आला याची एक कथा ते प्रत्येक बैठकीत सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येते. "महादेवानं हत्तीचं मुंडकं गनपतीले लावलं, हे साऱ्यायले मालूम हाय. पन हत्ती कोनाचा होता, हे कोनी इचारत नाई. थो एका बेपाऱ्याचा होता. बेपारी रडत आला, म्हने देवा, माहा तं धंदाच बुडाला. मंग महादेवानं त्याले उखळ देलं, त्यात फिरवाले लाकडाची लाट देली, म्हने जा, तेल काढ, पोट भर. थो पह्यला तेली." इथे ते थांबायचे. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे. "आता सांगा, या कथेत बैल कुठिसा हाय? नाई ना? पह्यल्या घान्याले बैलच नव्हता. मंग तुमी एकबैले अन् दोनबैले आले कोठून?" लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजवून घरी जायचे आणि आपापल्या शाखेतच सोयरीक जुळवायचे.

वारासिवनीकडे एका लग्नात तर त्यांनी कमाल केली होती. वऱ्हाडात एकबैल्यांची दोन-तीन घरं आली होती, आणि नवऱ्याकडच्या कुणीतरी त्यांची पंगत वेगळी बसवायची टूम काढली. आवाज वाढायला लागले. गुरुजी मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाले, "ज्यानं ज्यानं आपल्या डोयानं घान्याले जुंपलेला बैल पाह्यला, त्यानं हात वर करा." सगळ्या मांडवात चार म्हाताऱ्यांचे हात वर गेले. "बरं. तुमी चौघं पाह्यजे तं वेगळे बसा. बाकीच्यायले बैलाचं काई लागत नाई, थे एका पंगतीत बसतीन." लोक हसले आणि बसले. ते चार म्हातारेसुद्धा त्याच पंगतीत बसले.

त्यांच्याकडे वह्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, शाळेच्या हजेरीपटासारख्या. सायकलच्या कॅरियरला पिशवी अडकवून ते गावोगाव जायचे. खैरलांजी, राजेगाव, इकडे लामत्यापर्यंत. घरोघरच्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचे आणि पिढ्या लिहून घ्यायचे. सगळं मराठीत. आमचा जिल्हा हिंदी राज्यातला, नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मुलांना हिंदीतून शिकवलं, पण वही मराठीत लिहायचे. मीही हिंदी शाळेतच शिकलेली. घरात मराठी बोलायचे, लिहायला सांगितलं की पेन अडखळायचं. गुरुजींनी मला त्या वह्या उतरवून काढायला बसवलं आणि तीन उन्हाळ्यांत मी नीट मराठी लिहू लागले. आज हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळेच.

वह्यांचा लोकांना उपयोग व्हायचा तो वेगळ्याच कामासाठी. सोयरीक ठरवण्याआधी दोन्हीकडची माणसं कूळ बघायला गुरुजींकडे यायची. एका कुळातली मुलं म्हणजे भाऊबहीण, त्यांचं लग्न होत नाही. आडनावं गावावरून पडलेली, त्यामुळे आडनावं वेगळी असूनही कूळ एक निघू शकतं. गुरुजी पानं उलटून सांगायचे, चालते किंवा नाही चालत. एकदा साखरपुड्याचे कपडे घेऊन झाल्यावर कूळ एक निघालं, आणि मुलीचा बाप गयावया करू लागला की गुरुजी, तुम्ही काही पाहिलंच नाही असं समजा. गुरुजींनी वही मिटली नाही. "म्या पाह्यलं ना. आता नाई पाह्यलं कसं म्हनू?" ते लग्न मोडलं. पुढे त्याच मुलीला त्यांनी स्वतः हिंडून दुसरं स्थळ शोधून दिलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटी शिक्षिका, म्हणून लामत्याजवळच्या एका शाळेत लागले. सकाळी बालाघाटहून लहान लाइनीची गाडी असायची. रमेश त्याच शाळेत होता, त्याच गाडीनं यायचा. राजेगावचा. गणित शिकवायचा आणि गाडीत मुलांच्या वह्या तपासत बसायचा. वर्षभर आम्ही फक्त शाळेबद्दल बोललो. दुसऱ्या वर्षी दोघांनाही कळलं की आपण शाळेबद्दल बोलत नाही आहोत. तो आमच्याच समाजाचा, आणि एकबैला.

बाबांना मी सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पोरगा मले आवडते. पन तुह्ये मोठे बाबा आयकनार नाईत." मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. खैरलांजीला शेती करायचे, आणि घरातल्या कोणत्याही लग्नात शेवटचा शब्द त्यांचा असे. त्यांनी निरोप पाठवला की गोष्ट समाजाच्या चार लोकांपुढे ठेवू, ते म्हणतील तसं.

मी सरळ गुरुजींकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इतके दिवस मी मांडवात भाषनं देऊन राह्यलो. लोक टाळ्या वाजवतेत अन् जातेत. आता पुराव्यानंच बोलतो. तू फिकर नको करू, पोरी. हे लगीन होईन."

ते आधी राजेगावला गेले. रमेशची आजी तेव्हा हयात होती. तिनं तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगितलं की आमचं मूळ घर इथलं नाही, खैरलांजीकडलं. तिथे दोन भाऊ होते, एक घाणा होता आणि दोन बैल होते. भाऊ वेगळे निघाले. वाटणीत घाणा थोरल्याकडे राहिला आणि बैल एकेक वाटले गेले. धाकटा आपला बैल घेऊन राजेगावला आला आणि एका बैलाचा नवा घाणा घातला. थोरल्यानं पुढे दुसरा बैल घेतला. थोरल्याचं नाव तिला आठवत होतं. ते नाव आमच्या घराण्याच्या पानावर, सगळ्यात वर होतं.

गुरुजींनी ही गोष्ट मला सांगितली तेव्हा ते ओट्यावर बसूही शकत नव्हते, येरझाऱ्या घालत होते. "समजलं का तुले? जात-बीत काई नाई. भावाभावाची वाटणी! एकाचा बैल एक राह्यला, दुसऱ्यानं दुसरा घेतला, बस. तुह्यं घर अन् त्याचं घर एकच हाय. आता कोन म्हनते पाहू वरचा अन् खालचा." मला तर नाचावंसं वाटत होतं. पण म्हातारीच्या आठवणीला पुरावा कोण म्हणणार? त्या वेळी गुरुजींचं वय सत्तरीजवळ. ते जबलपूरला गेले आणि तिथून प्रयागला. पिढ्यान्‌पिढ्या अस्थी घेऊन येणाऱ्यांची नावं तिथले पंडे वहीत लिहून ठेवतात. परत आल्यावर सांगत होते, "त्या पंड्यानं मले पाह्यल्या पाह्यल्या इचारलं, कौन गाँव, परदादा का नाम क्या? मी तं खूशच झालो. जनमात पह्यल्यांदा मलेच कोनी पणजोबा इचारला!"

आणि त्या वहीत ते दोघे सापडले होते. बापाच्या अस्थी घेऊन आलेले दोन सख्खे भाऊ, एकाच ओळीत, गावासकट. गुरुजींनी ती ओळ आपल्या हातानं उतरवून आणली होती आणि खाली पंड्याची सही घेतली होती.

बैठक आमच्याच घरी बसली, रविवारी दुपारी. मोठे बाबा होते, रमेशचे वडील होते, समाजाचे चार जाणते होते. रमेश दाराशी उभा होता. मी आतल्या खोलीच्या चौकटीत. गुरुजींनी कागद मध्ये ठेवला आणि पाऊण तास बोलले. हत्तीची कथा त्या दिवशी सांगितली नाही. आजीचं सांगितलं, पंड्याची ओळ वाचून दाखवली, वह्या उघडून मधल्या पिढ्या एकेक करून जुळवून दिल्या. मोठे बाबा आमच्या घरातले सगळ्यात हेकट. त्यांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठले आणि रमेशच्या वडिलांना त्यांनी मिठी मारली. "अरे, तू तं माहा भाऊ निघाला! आमच्याच रक्ताचा! अन् आमी तुले एकबैला म्हनून राह्यलो!" रमेशचे वडील रडू लागले. बाबाही रडले. आईनं चहा टाकला. कुणीतरी पेढे आणायला निघालं. गुरुजी माझ्याकडे बघून हसले. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

चहाचे कप हातात आले, आणि मोठे बाबा बशीत चहा ओतता ओतता थांबले. रागानं नाही, अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "मंग गुरुजी, कूळ एकच झालं का?"

ज्या माणसानं समाजातल्या शेकडो सोयरिकी त्या एका प्रश्नावर तपासल्या होत्या, त्याच्या डोक्यात तो प्रश्न दोन महिन्यांत एकदाही आला नव्हता. माझ्याही आला नव्हता. त्यांना फक्त वरचा-खालचा पुसायचा होता. तो त्यांनी इतका साफ पुसला की आम्ही भाऊबहीण होऊन बसलो.

"गुरुजी, एकच ना?" मोठ्या बाबांनी पुन्हा विचारलं. गुरुजी म्हणाले, "हौ." मग कागद तिथेच टाकून ते उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं मी बाहेर आले तेव्हा ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या नालीकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाले कोनी सांगतलं होतं प्रयागले जायाले? आधी थो फक्त एकबैलाच होता, आता तं भाऊच झाला. तुमच्याच्यानं झालं हे." मी हे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे, कारण ते मला रोज आठवतात. त्यांनी मान हलवली. 'हौ' म्हटल्यासारखी.

दोन्ही घरं मात्र खरोखर एक झाली. दिवाळीचं येणं-जाणं सुरू झालं, एकमेकांचं सुतक पाळू लागली. रमेशची आजी गेली तेव्हा आमच्या घरी दहा दिवस सुतक होतं. पहिल्या राखीला मला सांगण्यात आलं की रमेशला राखी बांध. त्या दिवशी तो लामत्यालाच राहिला. पुढच्या वर्षी त्यानं बदली करून घेतली. मोठे बाबा समाजाच्या बैठकांत आता स्वतः उठून सांगत की एकबैले-दोनबैले काही नसतं, आमच्याच घरचा पुरावा आहे. त्यानंतर दोन-तीन लग्नं शाखेबाहेर झाली, धूमधडाक्यात. गुरुजींना जे हवं होतं ते होत होतं. पण त्या लग्नांना गुरुजी गेले नाहीत. वह्या त्यांनी बंद करून ट्रंकेत टाकल्या. कुणी कूळ बघायला आलं तर म्हणायचे, "आता डोये काम नाई करत." बसमध्ये शेजारच्याला काही विचारायचे नाहीत, खिडकीबाहेर बघायचे.

माझं लग्न गोंदियाला झालं. नवरा चांगला आहे, समजूतदार आहे. हे मी कुणाला पटवून द्यावं म्हणून लिहीत नाही, तसं आहे म्हणून लिहिते. लग्नाला गुरुजी आले होते. अक्षता टाकून मागच्या मागे निघून गेले, जेवले नाहीत. माहेरी गेले की मी त्यांच्या घरावरून जायचे. ते ओट्यावर असले तर उठून आत जायचे. मला वाटायचं, बरंच झालं.

त्या बैठकीनंतर सात-आठ वर्षांनी, मुलगी शाळेत जाऊ लागली होती तेव्हा, एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दाराची कडी वाजली. दारात गुरुजी. बालाघाटहून राजेगाववरून येणाऱ्या बसनं एकटेच आले होते. अंगावर मांस उरलं नव्हतं. हातात कापडी पिशवी. मी पाणी दिलं. ते खुर्चीवर बसले, यावेळी मांडी घालता येत नव्हती. पिशवीतून एक कागद काढला आणि तो माझ्या हातात न देता आपल्याच मांडीवर ठेवला.

"मी पुन्हा गेलतो प्रयागले. पोरगा जाऊ देत नव्हता, तरी गेलो. पंड्याची वही पुन्हा पाह्यली. त्या वक्ती दोघं भाऊ सापडले अन् म्या खुशीत वही मिटली, पोरी. पुढचं पान उलटलंच नाई." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "पुढच्या पानावर धाकट्याचं हाय. त्याले पोरगं नव्हतं. भानजा, गोद लिया, असं लिहेल हाय. रमेशचा खापरपणजोबा बहिनीचा पोरगा होता. कूळ वेगळं. म्या एक पान उलटलं असतं तं तुह्यं लगीन झालं असतं."

दत्तक घेतला की कूळही घेणाऱ्याचंच लागतं असं म्हणून कुणीतरी त्यावरही आडवं आलंच असतं, हे मला कळत होतं. ते मी बोलले नाही. गुरुजींनी माझ्यापुढे हात जोडले. ज्यांच्यासमोर मी पेन धरायला शिकले, त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "तुह्यं लगीन म्या मोडलं. मले माफ कर. एवढ्यासाठीच आलो मी."

मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, "जाऊ द्या गुरुजी. झालं ते झालं. मी माफ केलं तुम्हाले." त्यांनी डोळे मिटले. मग पोटभर जेवले. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. मुलीला जवळ बोलावून विचारलं, "पणजोबा कोन तुहा?" तिला सांगता आलं नाही, तर त्यांनी तिला माझ्याकडचे आणि तिच्या बापाकडचे, दोन्ही सांगितले आणि पाठ करून घेतले. दुपारच्या बसला मी त्यांना बसवून दिलं. महिन्याभरानं ते गेले. मी बालाघाटला भेटायला गेले तेव्हा त्यांची सून सांगत होती, "बाबा तं साऱ्यायले सांगून राह्यलते, माह्या हातानं चूक झाली होती, पन पोरीनं माफ केलं. येईन त्याले सांगत."

आता राहिलेलं लिहायला हवं. त्या बैठकीचं मी वर सांगितलं ते सगळं खरं आहे, पण ते पूर्ण नाही. गुरुजी उठून ओट्यावर गेले, आणि मी बाहेर येऊन त्यांना बोलले, त्याच्या मधे आत काहीतरी घडलं होतं. आतल्या कुणी ते बाहेर काढलं नाही, गुरुजींना ते कधीच कळलं नाही. मोठ्या बाबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि आधी रमेशला विचारलं. रमेश म्हणाला, "मले काई फरक पडत नाई. पाच-सहा पिढ्या झाल्या." मग त्यांनी मला हाक मारली. "पोरी, इकडे ये. तू शिकलेली हायस. इतक्या पिढ्यायचं मलेही समजते. आज माह्यं मन मोठं झालं हाय, उद्या राहीन का नाई मालूम नाई. तू हौ म्हन, बाकीच्यायचं मी पाह्यतो." सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांची मान थोडी हललीसुद्धा, मी हो म्हणावं म्हणून. मला भीती वाटली. लोक काय म्हणतील याची वाटली, की इतक्या लोकांत आपल्या तोंडानं आपलं लग्न मागायची वाटली, ते अजून मला नीट सांगता येत नाही. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "तुमी म्हनाल तसं." रमेश दारातून निघून गेला. मीही बाहेर आले, आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यावर सगळा राग काढला.

ते लग्न गुरुजींच्या कागदानं मोडलं नव्हतं. मी बोलले नाही म्हणून मोडलं. तो माणूस ते आपल्या डोक्यावर घेऊन आठ वर्षं जगला, त्यापायी म्हातारपणी पुन्हा प्रयागला गेला, आणि मी त्याला तसं करू दिलं. गोंदियाच्या घरात आम्ही दोघंच समोरासमोर होतो. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? माफी मागायची होती ती मी, आणि मी ती देऊन बसले.